‘आहे’ असे आपण कशावरून म्हणतो?

पदार्थविज्ञान हा विषय आपण सर्वांनी प्रथम वर्षात अभ्यासला. बहुतेकांनी तो गुणांपुरता अभ्यासला आणि परीक्षा संपताच वह्या माळ्यावर टाकल्या, हेही तितकेच खरे. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय ही नावे पाठ झाली. परंतु ज्या प्रश्नाची उत्तरे म्हणून ती जन्मास आली, तो प्रश्न वर्गात क्वचितच विचारला गेला. जगात खरोखर काय आहे, आणि ते आहे असे आपण कशाच्या बळावर म्हणतो, हा तो प्रश्न. चिकित्सालयात बसल्यावर आपण दिवसातून कितीतरी वेळा नकळत याच प्रश्नाचे उत्तर देत असतो. ‘यांना आमवात आहे’, ‘येथे पित्ताचा अनुबंध आहे’, ‘या चूर्णात नागकेसर आहे’ अशी विधाने आपण सहज करतो. तिन्हींतील ‘आहे’ हे क्रियापद एकच, पण त्याचा आधार प्रत्येक ठिकाणी निराळा. तो आधार तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘पदार्थ’ या शब्दातच अर्धा विषय सामावलेला आहे. पदाचा जो अर्थ, म्हणजे शब्दाने ज्याचा निर्देश होतो, तो पदार्थ. वैशेषिकांच्या परंपरेत प्रशस्तपादांनी सहाही पदार्थांचे समान धर्म सांगताना अस्तित्व, ज्ञेयत्व आणि अभिधेयत्व या तिघांना एकत्र बसविले. जे आहे ते जाणता येते आणि त्यास नाव देता येते, असा हा विश्वास. याची उलट बाजू मात्र खरी नाही. नाव असले म्हणजे वस्तू असतेच असे नाही, हे सशाच्या शिंगाच्या दृष्टांताने आपण शिकलो आहोत. आमच्या मते औषधी व्यवसायातील निम्मे गोंधळ हे या सशाच्या शिंगाचेच निरनिराळे अवतार होत. त्याकडे पुढे येऊच.

चरकाचार्यांनी हे सहा पदार्थ घेतले, परंतु क्रम बदलला. वैशेषिकांत द्रव्य प्रथम येते; चरकसंहितेत सामान्य आणि विशेष प्रथम येतात. हा क्रमभेद वैद्याचा आहे. शरीरात काय वाढते आणि कशाने घटते, याचे उत्तर सामान्य-विशेषांवाचून देता येत नाही. तत्त्वज्ञास जगाची यादी हवी होती, वैद्यास रुग्णासमोर बसून काही करावयाचे होते. तेव्हा आपल्या शास्त्राने अस्तित्वाचा विचार निव्वळ ज्ञानाच्या हौसेने केला नाही, हे प्रारंभीच ध्यानात घ्यावे.

या विचाराचे मुख्य स्थान म्हणजे सूत्रस्थानातील अकरावा, तिस्रैषणीय अध्याय. प्राणैषणा आणि धनैषणा यांविषयी आचार्यांना फारसे बोलावे लागत नाही. परलोकैषणेपाशी ते थांबतात, कारण तेथे संशय आहे. मृत्यूनंतर काही आहे की नाही? केवळ प्रत्यक्षासच प्रमाण मानणारा म्हणतो, दिसत नाही म्हणून नाही. त्यावर आचार्यांचे उत्तर मार्मिक आहे. ज्या इंद्रियांनी आपण प्रत्यक्ष ज्ञान मिळवितो, ती इंद्रिये स्वतः प्रत्यक्ष होत नाहीत. मग त्यांचेही अस्तित्व नाकारावे काय? पुढे आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती या चार परीक्षा क्रमाने लावून आचार्य पुनर्जन्माचा निर्णय करतात. तो निर्णय कोणास मान्य असो वा नसो, पद्धतीकडे लक्ष द्यावे. जी गोष्ट श्रद्धेने मानून पुढे जाता आली असती, तीही त्यांनी चार परीक्षांच्या चौकटीतून नेली.

असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे तेथे दिली आहेत. अतिसान्निध्य, अतिदूरत्व, आवरण, इंद्रियांचे दौर्बल्य, मनाची अनवस्थिती, समानाभिहार म्हणजे सारख्या वस्तूंत मिसळून जाणे, अभिभव म्हणजे प्रबल वस्तूने झाकोळले जाणे, आणि अतिसूक्ष्मत्व. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना छातीतील सूक्ष्म ध्वनी ऐकू येत नाही, हा अभिभव कोकणातील प्रत्येक वैद्याने अनुभवला आहे. दुपारी दीड वाजता शेवटच्या रुग्णाची जिव्हा पाहून न पाहिल्यासारखी होते, ती मनाची अनवस्थिती. आवरणाचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात राजापूरजवळ उन्हाळे येथे आहे. तेथील गंगा अनियमित काळाने प्रकटते, चौदा कुंडे भरतात आणि काही काळाने कोरडी होतात. कुंड कोरडे असताना पाणी ‘नाही’ असे म्हणावे की ‘दिसत नाही’ असे? भूगर्भातील वक्रनलिकेसारख्या रचनेने याची उपपत्ती लावली जाते. ती रचना डोळ्यांनी पाहून ही उपपत्ती मांडलेली नाही. येणे-जाणे या कार्यावरून कारणाचे अनुमान केलेले आहे. भाविक तेथे स्नान करतो आणि भूशास्त्राचा अभ्यासक दगडांचे थर पाहतो. पाणी दोघांनाही मान्य आहे. ते कशामुळे येते, एवढ्यापुरताच मतभेद आहे.

आता ज्यात प्राण पणास लागतात अशा विषयाकडे वळू. कोकणात तांबड्या विंचवाचा दंश ही जुनी आपत्ती आहे. जांभ्याच्या गडग्यात, लाकडांच्या ढिगात, पेंढ्यात हा विंचू असतो. दंशावर मंत्र घालणारे, पाला चोळणारे, खडा लावणारे गावोगाव होते आणि त्यांच्यावर लोकांचा दृढ विश्वास होता. हा विश्वास लोकांच्या मूर्खपणातून आला असे मानणे अन्यायाचे होईल. त्यामागे अनुभव होता. बहुसंख्य दंशांत तीव्र वेदना होऊन काही तासांनी ती आपोआप ओसरते. मंत्र घातला आणि वेदना ओसरली, असे शंभरांपैकी बहुतेकांनी स्वतःच्या देहावर अनुभवले होते. प्रत्यक्ष खरे होते. त्यावरून काढलेला कार्यकारणभाव खोटा होता. मंत्र न घालता काय झाले असते, हे कोणी पाहिले नव्हते. न्यायशास्त्राच्या भाषेत अन्वय होता, व्यतिरेक तपासलेला नव्हता.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी आरंभी केले ते आपल्या परिभाषेत निव्वळ दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून त्यांनी क्रम टिपला. दंशानंतर वांती, अतोनात घाम, हातपाय थंड पडणे, पुरुषांत शिश्नाची ताठरता आणि त्यानंतर काही तासांत हृदय दुबळे होऊन फुप्फुसात पाणी भरणे, तोंडास फेस येणे. ज्यांच्यात पहिली लक्षणे दिसतात तेच पुढे दगावतात, हे पूर्वरूप आणि रूप यांचे नाते त्यांनी ओळखले आणि १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. विष डोळ्यांना दिसत नव्हते. त्याची कृती दिसत होती. विष शरीरातील स्वयंचलित मज्जासंस्थेस अतिरेकी उत्तेजन देते आणि रक्तवाहिन्या आकुंचित होऊन हृदयावर भार येतो, हे अनुमान धरून त्यांनी प्राझोसिन हे रक्तवाहिन्या शिथिल करणारे औषध वापरले. त्याचा वृत्तांत १९८६ साली प्रसिद्ध झाला. गंभीर दंशात शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण दोन-तीनपर्यंत उतरले. तेवढ्यावरही ते थांबले नाहीत. विंचूविषावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यावर प्राझोसिनसह प्रतिविष आणि केवळ प्राझोसिन अशी ७० रुग्णांत तुलना करून ती २०११ साली प्रसिद्ध केली. प्रतिविषाची जोड दिलेले रुग्ण लवकर सुधारले. स्वतःच्याच यशस्वी उपायास पुन्हा परीक्षेस बसविणे, हे आम्हांस या साऱ्या कथेत सर्वांत अनुकरणीय वाटते.

हे उदाहरण आधुनिक वैद्यकाचे आहे म्हणून कोणी नाक मुरडू नये. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात आचार्यांनी अशाच भ्रमाविषयी कठोर इशारा दिला आहे. ज्याचे आयुष्य उरलेलेच होते असा एखादा रुग्ण योगायोगाने तारून नेणारा वैद्यमानी मनुष्य पुढे त्याच बळावर शेकडोंचा घात करतो, असा त्याचा आशय. विंचवाचा मांत्रिक या वर्णनात तंतोतंत बसतो. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू यांच्या दंशाच्या रुग्णास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा अपराध ठरविला गेला. आचार्यांचा इशारा एवढा जुना असून कायद्याची वेळ यावी, याचा विचार वैद्यवर्गानेही करावा, असे आम्हांस वाटते. आपल्या सभांतून आपण किती वेळा केवळ यशस्वी रुग्णांचेच कागद मांडतो?

आता पुन्हा सशाच्या शिंगाकडे येऊ. फार्मसीच्या चालकांना हा भाग अधिक जवळचा वाटेल.

नागकेसर हे आपल्या नित्य व्यवहारातील द्रव्य. चातुर्जातातील चौथे. रक्तार्शात लोणी-खडीसाखरेबरोबर आपण ते देतो, अवलेहांच्या प्रक्षेपात ते पडते. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार नागकेसर म्हणजे मेसुआ फेरिया या वृक्षाच्या फुलांतील वाळलेले पुंकेसर. ‘केसर’ या नावातच ते तंतुरूप आहे हे स्पष्ट आहे. परंतु बाजारात ‘नागकेसर’ म्हणून पोते उघडले असता त्यात पुष्कळदा तंतूंचा मागमूस नसतो. तेथे मिऱ्यासारख्या गोल, देठ असलेल्या, तांबूस तपकिरी कळ्या असतात. हे ‘तांबडे नागकेसर’. ‘काळे नागकेसर’ म्हणून येते ते आणखी निराळे. दालचिनीच्या कुळातील वृक्षांची, क्वचित करमळाच्या जातीची अपक्व फळे. एकच नाव, तीन वस्तू, आणि त्याही साऱ्या वनस्पतींच्या एकाच कुळातील नव्हेत.

यातील तांबडे नागकेसर आपल्याच भूमीतून जाते, ही गोष्ट अनेक वैद्यांना ठाऊक नसते. त्या सुरंगीच्या कळ्या. वनस्पतिशास्त्रात मॅमिया सुरिगा. फेब्रुवारीपासून पुढे खोडाला आणि फांद्यांना लगडलेली सुरंगी, तिचे गजरे, तो दरवळ हे कोकणवासीयांस सांगावयास नको. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले तालुक्यात तर सुरंगीवर कित्येक कुटुंबांचा हंगाम चालतो. पहाटे झाडावर चढून कळ्या काढावयाच्या, वाळवून व्यापाऱ्यास द्यावयाच्या. सुगंधी द्रव्यांसाठी आणि रंगासाठीही त्या जातात. त्या बिचाऱ्या शेतकऱ्याने कधीच ‘हे नागकेसर आहे’ असे म्हटलेले नसते. तो सुरंगीची कळी विकतो. ती नागकेसर होते ती वाटेत, कोठेतरी एखाद्या पेढीच्या चिठ्ठीवर.

आता प्रश्न असा, की आपल्या डब्यात नागकेसर ‘आहे’ असे आपण कशावरून म्हणतो? पोत्यावरील नावावरून म्हणू, तर ते आप्तवचन झाले. आप्त कोण, याची व्याख्या आचार्यांनी केलेली आहे. रज-तमांपासून मुक्त, ज्ञानात खंड नसलेला. घाऊक व्यापाऱ्यास ही व्याख्या लावण्याचे धाडस आम्ही करणार नाही. प्रत्यक्षावरून म्हणू, तर अखंड द्रव्य पाहणाऱ्यास तंतू आणि कळी यांतील भेद शेंबडे पोरही सांगेल. पण आपण चूर्ण विकत घेतो, आणि चूर्णात समानाभिहार होतो. रस-गुणांच्या अनुमानावरून म्हणू, तर सुरंगीची कळीही कषाय आहे, सुगंधी आहे, आणि ती दिल्याने काही रुग्णांचा रक्तस्राव थांबतोही.

येथे काही अनुभवी वैद्य आक्षेप घेतात. गुण येत असेल तर नावाचा एवढा बाऊ कशाला? प्रतिनिधी द्रव्यांची परंपरा शास्त्रसंमतच आहे. आक्षेप वजनदार आहे. आमचे उत्तर एवढेच, की प्रतिनिधी म्हणून दिलेले द्रव्य प्रतिनिधी म्हणून माहीत असावे लागते. मूळ द्रव्य मिळाले नाही म्हणून सुरंगी घातली, असे ज्यास ठाऊक आहे तो गुण आला अथवा न आला तरी काही शिकतो. ज्यास ठाऊक नाही तो दोन्ही वेळा नागकेसराविषयी चुकीची समजूत करून घेतो, ती विद्यार्थ्यास सांगतो, आणि पुढच्या पिढीत ते आप्तवचन होते. अशोकाच्या सालीच्या जागी दारच्या सरळ उंच आसुपालवाची साल गेली असता हेच घडते, आणि तेथे तर प्रतिनिधित्वाचाही आधार नाही.

सुज्ञ वाचक म्हणतील, द्रव्यांचे ठीक. ती हातात धरता येतात. दोषांचे काय? आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी एकदा सरळ विचारले, ‘वैद्यराज, वात तुम्ही पाहिला आहे का?’ प्रश्न जुना आहे. १९३५ साली काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात पंचमहाभूते आणि त्रिदोष यांवर वैद्यांची परिषद भरली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता. दोष ही द्रव्ये की शक्ती, दृश्य की अदृश्य, आधुनिक शरीरक्रियेतील कोणत्या घटकाशी त्यांची सांगड घालावी, यावर त्या पिढीने अपार परिश्रम केले. आपल्या महाराष्ट्रात अमरावतीच्या पुरुषोत्तमशास्त्री हिर्लेकरांनी वातादिदोषांच्या विवेचनासाठी ‘शारीरं तत्त्वदर्शनम्’ हा स्वतंत्र संस्कृत ग्रंथ रचला. तो १९४२ साली निघाला. या वादाचा निकाल लागला असे म्हणता येत नाही. आपण तो न सोडविता बाजूस ठेवला आणि कामाला लागलो.

या ठिकाणी पाश्चात्त्य विज्ञानातील एक वाद उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अणूंविषयी नेमकी हीच स्थिती होती. अर्न्स्ट माख यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ अणू ही गणिताची सोय मानीत, वस्तू मानीत नसत. अणू कोणी पाहिला होता? पुढे जाँ पेरँ यांनी द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची हालचाल मोजून ठराविक मात्रेत किती रेणू असतात ती संख्या काढली. तीच संख्या इतर सर्वस्वी निराळ्या मार्गांनीही जवळजवळ तेवढीच येते, असे त्यांनी दाखविले. परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या, तेव्हा विरोध मावळला. पेरँ यांना १९२६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अणू तेव्हाही कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. अनेक कारणांच्या संयोगातून एक निश्चय करणाऱ्या बुद्धीस आचार्य युक्ती म्हणतात. तिचे यापेक्षा उत्तम उदाहरण आमच्या वाचनात नाही.

दोषांच्या बाबतीत अशा निरनिराळ्या वाटा एकत्र येतात काय? काही प्रयत्न झाले आहेत. पुण्यात ७६ व्यक्तींच्या अभ्यासातून प्रकृती आणि एचएलए जनुकांतील भेद यांचा संबंध २००५ साली मांडला गेला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हजारो पुरुषांतून निवडलेल्या २६२ जणांचे जनुकीय विश्लेषण झाले आणि तीन प्रकृतिगटांत भेद दाखविणारी ५२ स्थाने नोंदली गेली. आपल्या व्यासपीठांवरून या अभ्यासाचा उल्लेख ‘त्रिदोष सिद्ध झाले’ अशा घोषणेने होतो, ते आम्हांस मान्य नाही. प्रकृतिगटांत काही जनुकीय भेद आढळले, एवढेच त्यातून निघते. ते मोलाचे आहे. वात नावाचे द्रव्य सापडले, असे त्यातून निघत नाही, आणि संशोधकांच्या कामाचे मोल वाढविण्यासाठी तसे म्हणण्याची आवश्यकताही नाही.

वाटा एकत्र येण्याची अधिक साधी कसोटी आपल्या हातात आहे. दोन वैद्य एकाच रुग्णास स्वतंत्रपणे पाहतात तेव्हा त्यांचे निदान जुळते काय? नाडीपरीक्षणाबाबत हा प्रश्न विचारला गेला असता आलेली उत्तरे फारशी सुखद नाहीत. २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत एकवाक्यता अपेक्षेपेक्षा कमी दिसली. नाडी हे जनसामान्यांस आयुर्वेदाचे सर्वस्व वाटते. पण आज रूढ असलेली नाडीपरीक्षा चरक-सुश्रुतांत नाही, ती शार्ङ्गधरापासून दिसू लागते, हे आपण जाणतो. तिचा आधार आप्तवचनाचा कमी आणि हाताच्या सरावाचा अधिक. म्हणूनच तिला एकवाक्यतेची कसोटी लावण्यात शास्त्राचा अधिक्षेप होत नाही. सुश्रुताचार्यांनी शव वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, थर थर घासून शरीर डोळ्यांनी पाहावयास सांगितले. त्यांना शब्द पुरेसा वाटत नव्हता, तर आपल्याला का वाटावा?

मास्तरांना आम्ही जे सांगितले ते येथे नोंदवितो. वात पाहिलेला नाही. रूक्षता, शूल, कंप, स्तंभ, मलावरोध, अनिद्रा ही लक्षणे एकत्र येताना पाहिली आहेत, स्निग्ध-उष्ण उपचारांनी ती एकत्र शमताना पाहिली आहेत, आणि या एकत्र येण्या-जाण्यास आमचे पूर्वज वात म्हणत. ती एकत्र येणे थांबले, तर आम्हांस पुन्हा विचार करावा लागेल. मास्तर म्हणाले, ‘म्हणजे राजापूरच्या गंगेसारखेच.’ त्यावर आम्हांस काही सुचले नाही.

जिल्हा शाखेच्या येत्या बैठकांसाठी आमच्या दोन सूचना आहेत. पहिली, संमती दिलेल्या एका रुग्णास तीन वैद्यांनी स्वतंत्र खोल्यांत पाहावे, दोष-दूष्य-अधिष्ठान कागदावर लिहून पाकिटे बंद करावीत आणि ती सर्वांसमोर उघडावीत. जुळले नाही तर कोणीही कोणास हसू नये. कोणत्या लक्षणापाशी वाटा फुटल्या एवढेच नोंदवावे. दुसरी, प्रत्येक फार्मसीने आपल्या नागकेसराचा अखंड नमुना काचेच्या बाटलीत आणावा. चूर्ण चालणार नाही. बाटलीवर दोन ओळी असाव्यात. वरच्या ओळीत व्यापाऱ्याने सांगितलेले नाव आणि खरेदीची तारीख. खालच्या ओळीत, ते नाव झाकून ठेवून, आपण स्वतः डोळ्यांनी काय पाहिले ते.